एअर रायफलचा वेग स्थिर कसा ठेवायचा: दहा मीटरच्या नव्या नेमबाजांसाठी

भारतीय नेमबाज सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण केले, तेव्हा पात्रता फेरीत दहा म्हणजे दहाच धरले जायचे. आता तसं नाही. पात्रतेतही दशांश मोजले जातात आणि १०.३ की १०.६ यावर अंतिम फेरीचं दार उघडतं किंवा बंद होतं. म्हणून रायफलमधून सुटणाऱ्या पेलेटच्या (शिशाच्या छोट्या गोळीच्या) वेगातला लहानसा फरकही आज स्कोअरमध्ये दिसतो.

किती दिसतो, ते कागदावरच काढता येतं. पेलेट मझलमधून (नळीच्या पुढच्या तोंडातून) साधारण १७० मीटर प्रति सेकंद वेगाने निघतं. दहा मीटर कापायला त्याला सेकंदाचे सहा शतांश लागतात आणि तेवढ्यात ते १७-१८ मिमी खाली येतं. वेग १ मीटर प्रति सेकंदाने (पुढे नुसतं मीटर म्हणू) कमी झाला तर ते आणखी ०.२ मिमी खाली लागतं. टार्गेटवर दोन रिंगणांमधलं अंतर २.५ मिमी, म्हणजे गुणाचा एक दशांश पाव मिलिमीटरचा. थोडक्यात, १ मीटरचा फरक जवळजवळ एक दशांश खातो, तर ५ मीटरचा फरक चार दशांश. बाकी चूक आपल्या हाताची. पण रायफल आपल्या बाजूने हा फरक घालत असेल, तर चूक कोणाची हेच कळत नाही आणि सराव वाया जातो.

हा लेख हवेचा सिलिंडर आणि रेग्युलेटर (हवेचा दाब कमी करून एका पातळीवर ठेवणारा भाग) असलेल्या मॅच रायफलबद्दल, म्हणजे स्पर्धेच्या रायफलबद्दल आहे. फाइनवेर्कबाऊ, वाल्थर, अँशुट्झ, स्टायर किंवा आपल्याकडची प्रीसिहोल, कोणतीही असो, रचनेचं तत्त्व एकच. स्प्रिंग-पिस्टनच्या रायफलबद्दल पुढे थोडक्यात येईल.

आधी सुरक्षा

सिलिंडरमध्ये २०० बार दाब असतो. गाडीच्या चाकात साधारण २ बार असतो, म्हणजे त्याच्या शंभरपट. कोणताही स्क्रू, सील किंवा झडप उघडण्याआधी सिलिंडर काढा. मग मझल सुरक्षित दिशेला ठेवून, पेलेट न घालता, आवाज पूर्ण बंद होईपर्यंत फायर करत राहा. सिलिंडर काढला तरी आतल्या चेंबरमध्ये (रेग्युलेटर आणि झडप यांच्यामधल्या कप्प्यात) हवा उरलेली असते, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही.

हवेच्या मार्गात खनिज तेल, मशीनचं तेल किंवा गंजरोधक स्प्रे कधीही वापरू नका. उच्च दाबाखाली अशा तेलाची वाफ पेट घेऊ शकते. ओ-रिंगला (रबरी गोल सीलला) फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला चकाकी येईल इतकंच. सिलिंडरमध्ये कोरडी हवा भरायची. ऑक्सिजन कदापि नाही.

सिलिंडरवर उत्पादनाची तारीख आणि वैधता कोरलेली असते. मुदत उलटलेला सिलिंडर भरायचा नाही. स्पर्धेतही त्याची जबाबदारी नेमबाजाचीच असते. मे महिन्यात गाडीत विसरलेला सिलिंडर ६० अंशांपर्यंत तापला, तर २५ अंशांना २०० बार असलेला दाब २२० च्या वर जातो.

आणखी एक गोष्ट. इथे वेग वाढवायचा नाही, स्थिर करायचा आहे. ०.५३ ग्रॅमचं पेलेट १६८ मीटर प्रति सेकंद वेगाला साधारण साडेसात जूल ऊर्जा घेऊन जातं आणि दहा मीटर अंतराला ती पुरेशी आहे. शस्त्र नियम २०१६ नुसार २० जूलच्या पुढची एअर रायफल परवान्याच्या कक्षेत येते. मॅच रायफलला तिथवर जायचं काही कारणच नाही.

काय काय लागेल

क्रोनोग्राफ, म्हणजे पेलेटचा वेग मोजणारं यंत्र, लागेलच. त्याच्याशिवाय स्क्रूला हात लावणं म्हणजे अंधारात चाचपडणं. प्रकाशावर चालणारा असेल तर मझलपासून अर्धा ते एक मीटर पुढे ठेवा. अगदी जवळ ठेवल्यास मझलमधून आलेल्या हवेच्या झोतामुळे तो चुकीचे आकडे देतो. ट्यूबलाइटच्या लुकलुकण्यानेही सेन्सर फसतो, म्हणून सूर्यप्रकाश किंवा स्थिर एलईडी दिवा वापरा. मझलला बसणारा असेल तर तो प्रत्येक वेळी त्याच जागी आणि सरळ बसवा.

बाकी सामान साधंच: रायफलच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापांच्या एलन की, सिलिकॉन ग्रीस, आपल्या मॉडेलच्या ओ-रिंगचा संच, फेल्टच्या साफसफाईच्या गोळ्या, बारीक टोकाचा मार्कर आणि एक वही. वही सर्वांत महत्त्वाची.

पायरी १: काहीही न बदलता मोजा

सिलिंडर १५० ते १८० बार असू द्या. रायफल खोलीच्या तापमानाला यावी म्हणून अर्धा तास बाहेर काढून ठेवा. उन्हातून थेट वातानुकूलित रेंजवर आणलेल्या रायफलमधली ग्रीस, सील आणि स्प्रिंग वेगळंच वागतात.

एकाच डब्यातली पेलेट घ्या, प्रत्येक ४० सेकंदांनी एक शॉट घ्या आणि असे २० शॉट नोंदवा. पहिला शॉटही लिहा. बरेच जण पहिला शॉट "गरम करायचा" म्हणून सोडून देतात, पण निदानासाठी नेमका तोच उपयोगाचा.

समजा, दहा शॉटचे आकडे असे आले: १६८.४, १६९.१, १६८.८, १७०.०, १६८.९, १६९.४, १६९.२, १६८.६, १६९.८, १६९.३. सरासरी १६९.१५. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांतला फरक १.६ मीटर, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप) ०.५ च्या आसपास. रायफल असे आकडे देत असेल तर वही मिटा, ती पुन्हा केसमध्ये ठेवा आणि सरावाला लागा. २० शॉटमध्ये फरक ३ मीटरच्या आत राहिला तरी तक्रारीला जागा नाही. ५ च्या वर गेला तर पुढे वाचा.

ऊर्जा काढायचं सूत्र: वजन ग्रॅममध्ये, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले २०००. उत्तर जूलमध्ये येतं.

पायरी २: आकड्यांची चाल ओळखा

सरासरी आणि विचलन किती गडबड आहे ते सांगतात. ती कुठे आहे, ते आकड्यांच्या क्रमावरून कळतं. म्हणून आकडे मोठ्यापासून लहान असे लावू नका, ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने पाहा.

पहिला शॉट वर आणि बाकी सगळे समान: रेग्युलेटर पूर्ण बंद होत नाही. रायफल पडून असताना चेंबरमध्ये हवा थेंबाथेंबाने शिरत राहते आणि दाब चढतो. याला क्रीप म्हणतात. खात्री करण्यासाठी २ मिनिटं, १० मिनिटं आणि १ तास थांबून एकेक शॉट घ्या. थांबण्याबरोबर वेग चढत गेला, तर रेग्युलेटरची सीट (झडप जिथे टेकून बंद होते ती जागा) खराब झाली आहे किंवा तिच्यावर कचरा बसला आहे.

पहिला शॉट खाली, मग दोन-तीन शॉटमध्ये सगळं ठीक: हॅमर (आपटून झडप उघडणारा भाग) किंवा झडप चिकटते आहे. बहुधा जुनी घट्ट झालेली ग्रीस किंवा कोणीतरी घातलेलं जास्तीचं तेल.

भरभर शॉट घेतले की वेग उतरतो, थांबलं की परत येतो: चेंबर भरायला रेग्युलेटर वेळ घेतो. १० सेकंदांच्या अंतराने १० आणि ४० सेकंदांच्या अंतराने १० शॉट घेऊन तुलना करा. हवेचा बारीक फिल्टर तुंबला असला तरी असंच होतं.

सिलिंडर रिकामा होत जाईल तसा वेग सावकाश एकाच दिशेने सरकतो: रेग्युलेटर दाब धरून ठेवत नाही, सिलिंडरचा दाब पलीकडे जाणवतो. मात्र शेवटी एकदम घसरण होत असेल तर तो दोष नाही. सिलिंडरचा दाब रेग्युलेटरच्या ठरलेल्या दाबाजवळ आला की नियंत्रणच संपतं. म्हणून १०० बारच्या आसपास सिलिंडर पुन्हा भरायचा.

मधेच एखादाच शॉट ६-८ मीटरने खाली: पेलेट. स्कर्ट (पेलेटची मागची पातळ कडा) वाकडा झालेला किंवा नीट न बसलेलं.

कसलाही क्रम नाही, आकडे वर-खाली उड्या मारतात: ब्रीचचं (नळीच्या मागच्या, पेलेट घालायच्या तोंडाचं) सील, ढिला स्क्रू, हॅमर घासणं किंवा अख्खा डबाच खराब. हा प्रकार सर्वांत वैतागाचा असतो, पण बहुतेक वेळा उपाय सर्वांत स्वस्तात होतो.

पायरी ३: पेलेट आणि नळी

स्क्रूकडे जाण्याआधी इथे थांबा. नवीन नेमबाज ज्याला रेग्युलेटरचा दोष समजतात, त्यातल्या पुष्कळ तक्रारी डबा बदलल्यावर मिटतात.

मॅच पेलेट ०.४९ ते ०.५३ ग्रॅमची असतात आणि डोक्याचं माप ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी असं डब्यावर छापलेलं असतं. वजनात ५ मिलिग्रॅम फरक पडला, तर वेगात साधारण ०.८ मीटरचा फरक पडतो. चांगल्या डब्यात इतका फरक सहसा नसतो, त्यामुळे एकेक पेलेट तोलत बसण्यापेक्षा एकाच लॉट नंबरचे डबे घेणं जास्त फायद्याचं. डबा खाली पडला असेल तर ती पेलेट सरावालाच वापरा. शिसं मऊ असतं आणि स्कर्ट दबलेलं डोळ्यांना दिसेलच असं नाही.

पेलेट चॅनलमध्ये ठेवताना रोज त्याच पद्धतीने ठेवा आणि लिव्हर एकाच जोराने बंद करा. अर्धवट बंद झालेला बोल्ट हवा बाजूने सोडतो.

नळी ५०० ते १००० शॉटनंतर साफ करावी. शक्य असेल तर ब्रीचकडून मझलकडे, फेल्टच्या गोळ्यांनी, दोन-तीन वेळा. मॅच नळीत पितळी ब्रश घालू नका. साफ केल्यावर पहिले १५-२० शॉट वेग इकडेतिकडे होतो, कारण नळीत शिशाचा पातळ थर पुन्हा बसायला वेळ लागतो. म्हणून स्पर्धेच्या आदल्या रात्री साफसफाई नको, आणि साफ केलेल्या नळीवर लगेच ट्यूनिंगही नको.

पायरी ४: गळती शोधा

सिलिंडर २०० बारला भरा. भरताना तो गरम होतो, त्यामुळे थंड झाल्यावर गेज १९० च्या खाली येऊ शकतो. ती गळती नव्हे. तासाभराने आकडा लिहा, सिलिंडर रायफलला जोडून ठेवा आणि २४ तासांनी पुन्हा पाहा. खोलीचं तापमान तेच असताना ५ बारपेक्षा जास्त उतरलं तर हवा कुठूनतरी जाते आहे.

सांधा आणि गेज यांना साबणाचं पाणी ब्रशने लावा. बुडबुडे दिसले की जागा सापडली. मग पुसून कोरडं करा. झडप गळत असेल तर हवा नळीतून येते. रायफल रिकामी आणि अनकॉक (हॅमर न ताणलेली) असल्याची खात्री करून मझलवर ओल्या टिशूचा तुकडा चिकटवा आणि दहा मिनिटं पाहा. टिशू फुगला तर झडपेची सीट खराब आहे.

ब्रीचचं सील फायर करतानाच तपासता येतं. बोल्ट आणि नळीच्या सांध्यावर टिशूची अरुंद पट्टी हलकेच टाका, मझल टार्गेटकडे ठेवा आणि पेलेट घालून फायर करा. पट्टी उडाली तर ओ-रिंग बदला. जुनी ओ-रिंग लाकडी टूथपिकने काढा. लोखंडी टोकाने खाचेवर ओरखडा पडला तर नवी रिंगही गळते. नवी रिंग नेमक्या मापाची आणि निर्मात्याने सांगितलेल्या मटेरियलचीच हवी. "बसते आहे ना" एवढं पुरत नाही.

पायरी ५: हवा कोरडी आहे का

मुंबईत, कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हा प्रश्न खरा त्रास देतो. दमट हवा दाबली की तिच्यातलं पाणी वेगळं होतं. ते सिलिंडरमध्ये साचतं, रेग्युलेटरच्या सीटपर्यंत जातं आणि तिथे गंजाचे कण तयार होतात. क्रीपचं मूळ अनेकदा हेच असतं.

हँडपंप वापरत असाल तर दर ४०-५० स्ट्रोकनंतर थांबा, ब्लीडचा स्क्रू उघडून पाणी बाहेर काढा आणि पंप थंड होऊ द्या. एका दमात २०० बार गाठायचा हट्ट करू नका. कॉम्प्रेसरवर ओलावा शोषणारा फिल्टर असावा आणि त्यातली ओलावा शोषणारी काडतुसं (कार्ट्रिज) वेळेवर बदललेली असावीत. क्लबच्या मोठ्या टाकीतून भरत असाल तर फिल्टर शेवटचा कधी बदलला हे बिनधास्त विचारा. हा प्रश्न विचारणारे कमी असतात म्हणूनच तो राहून जातो.

पायरी ६: हॅमर स्प्रिंग आणि रेग्युलेटर यांचा मेळ

वरचं सगळं तपासून झालं आणि तरी फरक उरला, तरच इथे या.

दोन्ही स्क्रूंचं काम वेगळं आहे. रेग्युलेटर ठरवतो की चेंबरमध्ये किती दाबाची हवा थांबणार. हॅमर स्प्रिंग ठरवते की झडप किती जोराने आणि किती वेळ उघडणार. दोन्हींमुळे वेग बदलतो, आणि म्हणूनच गोंधळ होतो.

हॅमर स्प्रिंगच्या स्क्रूच्या आताच्या स्थितीवर मार्करने रेघ मारा. मग हॅमर स्प्रिंग एक पूर्ण फेरा सैल करा आणि पाव-पाव फेऱ्याने घट्ट करत जा. प्रत्येक ठिकाणी ५ शॉट घेऊन सरासरी लिहा. समजा, आकडे असे आले: १५८, १६३, १६७, १७०, १७१, १७१, १७०. सुरुवातीला वेग झपाट्याने चढतो, मग सपाटी येते. पुढे घट्ट केलं तरी वेग वाढत नाही, फक्त हवा जास्त जाते, आवाज मोठा होतो आणि धक्का जाणवतो.

चढणीवर राहिलात तर हॅमरच्या घर्षणातला किंचितसा बदलही थेट वेगात उतरतो. फार पुढे गेलात तर हवा वाया जाते आणि झडप पुन्हा उसळून उघडू शकते. सपाटी जिथे सुरू होते, त्याच्या किंचित अलीकडची जागा धरा. वरच्या उदाहरणात १६९-१७० ची. तिथे २० शॉट घ्या आणि पायरी १ शी ताडून पाहा.

सपाटीच १८५ ला आली आणि तुम्हाला १७० हवे आहेत, तर? सर्वसाधारण चूक म्हणजे हॅमर स्प्रिंग सैल करून वेग खाली आणणं. सरासरी जुळते, पण रायफल पुन्हा चढणीवर येते आणि फरक वाढतो. योग्य मार्ग म्हणजे रेग्युलेटरचा दाब कमी करायचा आणि सपाटी नव्याने शोधायची. उलट, सपाटी १६० लाच संपत असेल तर दाब वाढवावा लागेल.

रेग्युलेटर फिरवायचा तर सिलिंडर काढून, चेंबर रिकामा करून, एका वेळी फेऱ्याचा आठवा भाग. दाब असताना स्क्रू फिरवला की सीटवर खूण उमटते आणि क्रीप सुरू होतो. बदलानंतरचे पहिले ५-१० शॉट नोंदीत धरू नका, रेग्युलेटरचे भाग नव्या जागी बसायला तेवढा वेळ घेतात.

काही मॅच रायफलमध्ये रेग्युलेटर कारखान्यात बसवून सील केलेला असतो आणि वापरणाऱ्यासाठी फक्त वेगाचा एक स्क्रू बाहेर दिलेला असतो. अशा रायफलमध्ये तोच स्क्रू, तोही मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या मर्यादेत. सील तोडू नका. रेग्युलेटरच्या आत चकतीसारख्या स्प्रिंग विशिष्ट क्रमाने रचलेल्या असतात आणि एक उलटी बसली तरी दाब पार बदलतो. सीट बदलायचं काम कारागिराकडेच द्या, आणि देताना आपली वही सोबत द्या. "वेग लागत नाही" असं सांगण्यापेक्षा "दहा मिनिटं थांबलं की पहिला शॉट चार मीटर वर जातो" असं सांगितलं तर त्याचं अर्धं काम तिथेच होतं.

स्प्रिंग-पिस्टन रायफल असेल तर

इथे रेग्युलेटर नाही, त्यामुळे स्थिरता पिस्टनच्या सीलवर आणि मुख्य स्प्रिंगवर अवलंबून असते. नवीन किंवा जास्त तेल घातलेल्या रायफलमध्ये दाबाच्या उष्णतेने तेल जळतं. धूर, जळका वास, मोठा आवाज आणि मधेच २०-३० मीटरने वर गेलेला आकडा ही त्याची लक्षणं. उपाय म्हणजे तेल न घालता शॉट घेत राहणं. शंभरेक शॉटमध्ये ते कमी व्हायला हवं. ब्रीचचं सील इथेही टिशूच्या पट्टीने तपासा आणि स्टॉकचे स्क्रू दर सरावाआधी पाहा, कारण धक्क्याने ते सैल होतात. पेलेट न घालता फायर करू नका, पिस्टन थेट धडकतो. स्प्रिंग काढायला ती दाबून धरणारं साधन (स्प्रिंग कॉम्प्रेसर) लागतं. ते नसेल तर रायफल उघडूच नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडू शकते.

क्रोनोग्राफ रोज मिळत नसेल तेव्हा

क्लबमध्ये एकच यंत्र आणि वीस नेमबाज, ही नेहमीची परिस्थिती. महिन्यातून एकदा २० शॉट मोजा आणि मधल्या काळात टार्गेट वाचा. रायफल घट्ट टेकवून १० शॉट घ्या. वेगातला फरक ग्रुप उभा लांबवतो, आडवा नाही. ग्रुपची उंची रुंदीपेक्षा मिलिमीटरभर जास्त, आणि तीही दोन-तीन टार्गेटवर सलग दिसली, तर ५ मीटरच्या आसपासचा फरक धरून चाला आणि पायरी २ पासून सुरुवात करा. ग्रुप गोल आहे पण आधीच्या जागेपेक्षा खाली सरकला आहे, तर आधी गेज पाहा. बहुतेक वेळा सिलिंडर १०० च्या खाली गेलेला असतो.

स्पर्धेच्या दिवशी सायटर शॉटची (गुणांत न धरल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या शॉटची) पंधरा मिनिटं असतात. पहिला शॉट खाली किंवा वर जाण्याची आपल्या रायफलची सवय वहीत लिहिलेली असेल, तर तो शॉट पाहून साइट फिरवू नका. पुढचे तीन शॉट घ्या आणि मगच क्लिक द्या.